टेम्पो निघण्याआधी

दिवाळी येते तेव्हा रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं भात बहुतेक कापून झालेलं असतं. एखाद्या खाचरात पेंढ्या पडून असतात, खळ्यावर झोडणी चाललेली असते. भाऊबीज उलटली की कर्जतहून काशेळेमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटणाऱ्या वाड्यांच्या तोंडाशी पहाटे टेम्पो उभे दिसायला लागतात. हौद्यात आधी पातेली आणि हंडे चढतात, मग गोधड्या, तांदळाचं गाठोडं, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या. त्यावर बायका. बायकांच्या मांडीवर, पाठीशी, पायाशी मुलं. कधी शेवटच्या क्षणी कुत्रंही उडी मारतं. निरोपाची धामधूम नसते. मागे राहतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांच्या लेखी हे दरसालचंच असतं.

टेम्पो वीटभट्टीला निघालेला असतो. कल्याण, भिवंडी, पनवेल, पेण, नाहीतर जवळच कुठेतरी. काही कुटुंबं घाट चढून कोळसा पाडायला जातात. ती अधिक लांब, आणि तिथे काय चाललंय ते इकडे कळायला अधिक वेळ लागतो. परत यायचं ते मृगाच्या तोंडावर.

सुट्टी संपून शाळा उघडते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी हजेरीपट उघडतात आणि काही नावांपुढे फुल्या मारू लागतात. आठवडाभर फुल्या, महिनाभर फुल्या. नाव मात्र पटावर असतं. पट टिकला तर शाळा टिकते, त्यामुळे ते खोडायची घाई कुणालाच नसते.

या भागातल्या आदिवासी मुलांची, विशेषतः कातकरी मुलांची, गोष्ट मला दोन वह्यांची वाटते. एक वही भट्टीच्या शेठकडे असते. तिच्यात मूल हजर असतं, पण नावाने नाही. आईबापाच्या हजार विटांत त्याचे हात मुकाट्याने मिसळलेले असतात. दुसरी वही शाळेत. तिच्यात नाव असतं, मूल नसतं. कर्जत-खालापुरात गेली चाळीसेक वर्षं जी माणसं मुलांसाठी काम करत आली, त्यांचं काम वरवर फार वेगवेगळं दिसतं: कुणी धान्याची कोठी चालवली, कुणी दंडाला पट्टी लावली, कुणी वसतिगृह काढलं. पण नीट पाहिलं तर प्रत्येकाने आपापली एक तिसरी वही ठेवलेली आहे. वाडीत कोण आहे, कोण गेलं, कुठे गेलं, कुणाबरोबर गेलं, याची.

शेठच्या वहीपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

पावसाळ्यात लावणी आटोपली की हाताला काम नसतं आणि घरातले दाणे संपत आलेले असतात. श्रावण-भादव्यात कुणी आजारी पडतं, गणपती येतात, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. तेव्हा मुकादम वाडीत येतो आणि उचल देतो. काही ठिकाणी तिला बयाणा म्हणतात. उचल घेतली की दिवाळीनंतरचे सहा-सात महिने विकले गेले. भट्टीवर काम जोडीने धरतात, नवरा-बायकोची जोडी. मजुरी हजार विटांच्या दराने. दर आठवड्याला मीठ-मिरचीपुरती खर्ची मिळते, तीही वहीत चढते. मे अखेरीला हिशोब होतो: पाडलेल्या विटा, वजा खर्ची, वजा उचल. उचल फिटली तर हातात काही पडतं. नाही फिटली तर बाकी राहते, आणि बाकी राहिली की पुढच्या साली भट्टी निवडायचा प्रश्नच उरत नाही. आजारपणाचे दिवस, अवकाळी पावसात विरघळलेल्या विटा, सगळं त्या बाकीत जाऊन बसतं.

वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६चा आहे. उचलीपोटी माणसाला बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारीच, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. जिल्हाधिकाऱ्याने मुक्ततेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पुनर्वसनासाठी केंद्राच्या २०१६च्या योजनेत पुरुष मजुराला एक लाख आणि स्त्रिया व बालकांसाठी दोन लाखांची तरतूद आहे. पण प्रमाणपत्र मिळवायचं तर आधी कुणीतरी म्हणावं लागतं की मी बांधलेला आहे. उचल घेतलेला माणूस तसं म्हणत नाही. तो म्हणतो, शेठचे पैसे अंगावर आहेत. पैसे अंगावर असणं ही त्याच्या लेखी इभ्रतीची गोष्ट असते.

मुलांचं काम कामात धरत नाहीत. मूल विटा उलटतं, कच्च्या विटा रांगेत लावतं, धाकट्याला सांभाळतं म्हणून आई थापणीला बसू शकते. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेनंतर आपल्या कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याची मुभा राहिली. भट्टी काही कातकऱ्याच्या घरचा उद्योग नव्हे. तरी कुणी विचारलंच तर आईबापाला मदत करतोय हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ असतं.

हे कुठवर जातं ते २०२२च्या सप्टेंबरात साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुलं थोडे पैसे आणि एखाद्या मेंढराच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली होती. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी मेली तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. जिल्हा नाशिक, पण माणसं तीच आणि भादवाही तोच.

ही उधारीची साखळी तोडू पाहणाऱ्या एका माणसासाठी आता थोडं मागे जातो. माथेरानला १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, आणि पुढे भाई कोतवाल म्हणून ओळखले गेले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांशी झुंजताना ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले, एवढं इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. विजेचे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता भाषणांत येतो. त्याआधीचे कोतवाल भाषणांत क्वचितच येतात. ते सावकारीने पिचलेल्या कूळ-आदिवासींसाठी धान्यकोठ्या काढत होते आणि गावोगाव स्वयंसेवी शाळा चालवत होते. पावसाळ्यात सावकाराकडून उसनं भात आणायचं आणि कापणीला दीडपट-दुपटीने फेडायचं, ही साखळी कोठीने तुटेल आणि शाळेने हिशोब कळेल. कोठी आणि शाळा एकाच माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या, आणि ते मला त्या मनोऱ्यांइतकंच मोलाचं वाटतं.

चारेक दशकांनी काशेळ्याच्या परिसरात अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने तीच कोठी पुन्हा उभी केली. नाव पडलं धान्य बँक. राजीव खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात वाडीवाडीत त्या बसवल्या. वाडीनेच समिती नेमायची, पावसाळ्यात धान्य उचलायचं, कापणीनंतर थोडी वाढी घालून परत भरायचं, वही वाडीनेच ठेवायची. पुढे सरकारी पातळीवरही धान्य बँकेची कल्पना आली. सरकारी रूपात ती कितपत जिवंत राहिली हा वेगळा विषय आहे, आणि फारसा आनंदाचा नाही. इथे सांगायचं ते एवढंच की भादव्यात घरात दाणा असेल तर मुकादमाला दारातून परत पाठवता येतं, आणि तो परत गेला की दिवाळीनंतर मूल शाळेत दिसतं. मुलांच्या संरक्षणाची योजना म्हणून धान्य बँकेकडे कुणी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

याच संस्थेने पुढे जमिनीचा प्रश्न हाती घेतला. कात पाडणारे म्हणून कातकरी. खैराचं रान इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी बंद केलं तसा तो धंदा गेला आणि माणसं गावोगावच्या जमीनदारांच्या शेताच्या कडेला खोपटी घालून राहिली. त्यांच्या कित्येक वाड्या आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. मुंबईकरांची फार्महाऊसं आली, गुंठ्याला भाव आला, आणि जिथे आजवर कुणी हटकलं नव्हतं तिथे तारेचं कुंपण पडू लागलं. खेडकर आणि डॅनियल बकल्स यांचं २०१३ सालचं ‘फायटिंग एव्हिक्शन’ हे पुस्तक या वाड्यांच्या घरठाणाच्या लढ्यावर आहे. घराखालची जमीन आपली नसली की टेम्पोत बसणं सोपं जातं, कारण मागे सोडायला फारसं काही नसतं.

एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येत नाही. ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका येतो, मुरबाडचा काही भाग येतो. कर्जतच्या सीमेपलीकडे काही गावांत पेसा कायदा लागू, ग्रामसभेला अधिकार. अलीकडे तीच ठाकूरवाडी, तोच डोंगर, आणि ते अधिकार नाहीत. कातकऱ्यांचा समावेश राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत होतो, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेली पीएम-जनमन योजना अशा जमातींसाठीच आहे. आदिवासी विकास खात्याचं प्रकल्प कार्यालय पेणला. कर्जतच्या डोंगरातल्या वाडीतून एखाद्या योजनेच्या कामासाठी पेणला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणं आणि भाडंखर्च पदरचा.

आणखी एक वही अंगणवाडीत असते, वजनाची. कर्जतचं भात संशोधन केंद्र प्रसिद्ध आहे. ‘कर्जत-३’ हे वाण कोकणात कुणाही शेतकऱ्याला विचारा. त्याच तालुक्याचं नाव वर्तमानपत्रांत कुपोषणाच्या बातम्यांत येत राहिलं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर ते मूल तीव्र कुपोषित. पट्टीवर तो भाग लाल रंगवलेला असतो, म्हणून वाचता न येणाऱ्या आईलाही कळतं. काशेळ्याला प्रमोद आणि रंजना करंदीकर यांच्या शबरी सेवा समितीने २००३पासून हे काम धरलं. कर्जतच्या दिशा केंद्राने आणि अशोक जंगले यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख ही पद्धत २००७पासून सुरू झाली आणि पुढे रायगडातही आली. उपकेंद्र उघडं होतं का, नर्स आली का, आहार मिळाला का, हे गावकऱ्यांनीच नोंदवायचं आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवायचं. एका वाटेत सेवा, दुसऱ्या वाटेत जाब विचारणं. दोन्हींच्या विचारांची घराणी वेगळी, माणसं एकमेकांच्या व्यासपीठावर फारशी दिसत नाहीत. पण वाडीतल्या आईला दोन्हींचा उपयोग होतो, आणि मला त्यांच्यातला वाद वाडीबाहेरचा वाटत आला आहे.

दोघांचीही अडचण मात्र एकच, दिवाळी. ऑक्टोबरात लाल पट्टीतलं मूल सापडतं, ग्राम बालविकास केंद्रात त्याला दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला घालायचं ठरतं, आणि नोव्हेंबरात मूल टेम्पोत. अंगणवाडीच्या नोंदीत एक शब्द चढतो: स्थलांतरित. हा शब्द लिहिला की त्या मुलाची जबाबदारी या अंगणवाडीवरून उतरते. भट्टीजवळच्या अंगणवाडीवर ती आपोआप चढत नाही. चढवायची तर इथल्या कार्यकर्तीला भट्टीचं ठिकाण माहीत हवं, तिथल्या बाईंना फोन करायला हवा. तिसरी वही लागते ती इथे.

मूल कुठे असावं, हा या कामातला सर्वांत जुना तंटा. एक मत म्हणतं, शाळा मुलामागे गेली पाहिजे. वसईकडे विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकाच्या मध्यात भोंगा शाळा काढल्या त्या याच विचाराने. भोंगा म्हणजे भट्टीवर मजूर राहतात ते पेंढ्या-गवताचं खोपटं. शाळाही तशाच खोपटात भरायची, विटांच्या भिंतीआड, धुरात. दुसरं मत म्हणतं, असं केलं तर भट्टीलाच प्रतिष्ठा मिळते. मूल गावातच राहिलं पाहिजे, आजीपाशी नाहीतर वसतिगृहात. सरकारने मधला मार्ग काढला, शिक्षण हमी पत्रक. जाताना मुलाने ते घेऊन जायचं आणि जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं. कागदावर सुरेख आहे. पण पहाटे साडेचारला टेम्पो सुटतो तेव्हा गुरुजी कर्जतला त्यांच्या घरी झोपलेले असतात. पत्रक द्यायचं तर दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायला हवं, आणि त्यासाठी कुणाची उचल झालीय ते गणपतीतच माहीत असायला हवं. जिथे वाडीतलीच एखादी शिकलेली मुलगी कार्यकर्ती आहे तिथे ते माहीत असतं. बाहेरून मोटारसायकलवर येणाऱ्याला नसतं.

मी स्वतः मूल मागे ठेवण्याच्या बाजूचा होतो. १९ जुलै २०२३च्या रात्रीनंतर त्या मताकडे नीट पाहावं लागलं.

खालापूर तालुक्यात चौकच्या वर, इर्शाळगडाच्या पायथ्याशी ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. नानिवलीकडून चालत चढायचं, गाडीरस्ता नाही. त्या रात्री पावसात डोंगर खाली आला. बचावपथकं पायवाटेने गेली, यंत्रं वर नेता आली नाहीत, माणसांनी हातांनी चिखल उपसला. सत्तावीस मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून नोंदवली गेली. वाडीची लोकवस्ती सव्वादोनशेच्या आसपास. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं.

वाचलेल्यांत दोन तऱ्हांची पोरं होती. काही जण रात्री शाळेच्या इमारतीत मोबाइलवर खेळत जागे होते. आवाज झाला तसे ते धावले, इतरांना उठवलं, खाली कळवलं. एरवी ज्या मोबाइलवरून वडीलधारी माणसं पोरांना बोलतात, त्यानेच त्यांना जागं ठेवलं होतं. आणि काही मुलं आश्रमशाळेत होती. घरापासून दूर निजली होती म्हणून जगली. सकाळी त्यांना सांगायचं कसं, हे काम कुठल्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यसूचीत असतं मला माहीत नाही. शिक्षकांनी आणि अधीक्षकांनी ते केलं असणार.

त्यानंतरचे दिवस मोजदादीचे होते. रेशनकार्डावरची नावं, मतदारयादी, शाळेचा पट, आश्रमशाळेचा पट, कोण भात लावणीला दुसऱ्या गावी गेलं होतं, कोण पाहुणं आलं होतं. एका वाडीतली माणसं मोजायला इतक्या वह्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागल्या, तेव्हा कुठे बेपत्ता सत्तावन्न हा आकडा आला. आईबाप गमावलेल्या मुलांना दत्तक घेतल्याच्या घोषणा झाल्या, वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली, सिडकोने नवी वसाहत बांधायला घेतली. मदत भरपूर आली, इतकी की कपड्यांचे ढीग पडून राहिले. आपत्तीनंतर मुलांवर डोळा ठेवून येणारेही असतात. अनाथ मूल कुणालाही परस्पर नेता येत नाही, बालकल्याण समितीपुढेच जावं लागतं, हा बालन्याय कायद्याचा नियम अशा गर्दीत शब्दशः पाळावा लागतो.

आश्रमशाळेने जीव वाचवला म्हणून निवासी संस्था म्हणजे अभय, असं मात्र नाही. याच कर्जत तालुक्यात एका खासगी निवासी संस्थेत मुलांवर अत्याचार होत असल्याचं २०१४ साली उघड झालं. डोंगराआडची शांत जागा, मुंबईहून दोन तासांवर, गरिबाघरची मुलं, आणि विचारायला येणारं कुणी नाही. आईबाप भट्टीवर असले तर कुंपणाच्या आत काय चाललंय ते वर्षातून एकदा, जूनमध्ये कळायचं. वसतिगृहाला नोंदणी आहे का, मुलींच्या खोलीची कडी आतून लागते का, मुलाला घरी फोन करायला मिळतो का, असले साधे प्रश्न तिसऱ्या वहीत हवेत. शिवाय मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक त्यांना पाठ हवा, भिंतीवर रंगवलेला पुरत नाही.

मुलींचं सांगायचं राहिलं. ते सगळ्यांत अवघड.

वाडीतली शाळा बहुधा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब. मुलगी तेरा-चौदाची झाली की तिचं शिक्षण जिथे थांबतं तिथेच तिचं लग्न सुरू होतं, मग ते मांडवात होवो न होवो. भट्टीवर वयात आलेल्या मुलीला खोपटात एकटी ठेवायची भीती, बरोबर न्यावी तरी भीती. जोडी झाली तर मुलीला स्वतःची उचल मिळते, हेही खरं. कातकऱ्यांत पोरं-पोरी आधी एकत्र राहतात आणि पैसे जुळले की मग कधीतरी लग्न लावतात. मे महिन्यात हिशोब मिळतो, म्हणून लग्नंही मे महिन्यात.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६चा. मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. त्यावर २०१२चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आला. सोळाची पोर गरोदर राहिली आणि रुग्णालयात नाव घालायला गेली की आधार कार्डावर वय दिसतं, आणि पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. एकोणीस वर्षांचा पोरगा आत जातो. पोरीच्या पोटात मूल, घरात कमावणारं कुणी नाही. वाडी हे पाहते, आणि पुढची पोर रुग्णालयात जातच नाही. घरीच सुटका होते, कधी नीट, कधी नाही.

कार्यकर्तीने अशा वेळी काय करावं? कळवलं तर वाडीचा दरवाजा बंद, न कळवलं तर कायदा तिच्याच मानगुटीवर. कायदा मोडीत काढा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. फार्महाऊसवर राखणदाराच्या पोरीला एकटी गाठणाऱ्या माणसाविरुद्ध तिच्यापाशी हाच कायदा आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीत तिथे भांडी घासायला, तरणतलाव धुवायला जाणाऱ्या पोरापोरींची नोंद कुठल्याच वहीत नसते. पण गरोदर पोर रुग्णालयाच्या खिडकीशी पोहोचली तेव्हा कायद्याने जागं होणं म्हणजे तीन वर्षं उशिरा येणं. तिला गाठायचं होतं सातवीच्या निकालाच्या दिवशी. त्या दिवशी आठवीचा फॉर्म, सायकल किंवा एसटीचा पास आणि वसतिगृहातली खाट, तिन्ही तयार असली तर ती पोर शाळेत जाते. यातलं एक जरी नसलं तरी ती जात नाही. काशेळ्यासारख्या ठिकाणी मुलींचं वसतिगृह असणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, ते या हिशोबाने कळतं.

दोन-तीन वाड्यांत आता असं दिसतं की एका मुलीची दहावी झाली की तिच्या पाठच्या चौघी आठवीला जातात. आकडेवारी म्हणून हे सांगत नाही. हायस्कूलच्या वाटेवर, सकाळी दहाच्या सुमाराला, त्या एकमेकींचे हात धरून रस्त्याच्या कडेने चालत असतात आणि मागून ट्रक आला की सगळ्या एकदम गवतात उतरतात.

मृग लागतो, टेम्पो परत येतात. हौद्यात तीच पातेली, कोंबड्या बहुधा नसतात. कुणी एक मूल जास्तीचं असतं, भट्टीवर जन्मलेलं, ज्याचं नाव अजून कुठेच चढलेलं नाही. पंधरा जूनच्या आसपास शाळा उघडते. गुरुजी नवा हजेरीपट आखतात, गेल्या वर्षीची नावं तशीच उतरवून घेतात आणि मोठ्याने वाचायला लागतात. काही नावांना ओ येते. काहींना बाकावरून दुसरंच कुणी उत्तर देतं, की ती आता सासरी आहे, किंवा तो अजून आला नाही, त्यांची बाकी राहिली.

अंगणवाडीच्या पडवीत कार्यकर्ती त्या जास्तीच्या मुलाच्या दंडाला पट्टी गुंडाळते आणि त्याच्या आईला विचारते, नाव काय ठेवलंय. अजून ठेवलेलं नसतं. ती वहीत बाळ असं लिहिते आणि पुढे जागा मोकळी सोडते.